पाच मोकळ्या बाटल्या

"मॅडम, हा माल परत पाठवा. बाटल्या मोकळ्या हायेत."

आमचे स्टोअरकीपर खरात यांनी थर्मोकोलची पेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत पाच बाटल्या. पेनिसिलिनच्या इंजेक्शनची असते तेवढी एकेक. रबराचं बूच, वर ॲल्युमिनियमची टोपी. खरातांनी एक उचलली, खिडकीकडे धरली, हलवली, कानाशी नेली.

"काही वाजत बी न्हाई."

"खरात, त्यात माल आहे. तळाशी बघा. पांढुरका थर दिसतो का?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. बराच वेळ बघितलं. "दिसतो. म्हंजे मोकळ्या बी हायेत आन् धुतलेल्या बी न्हाईत."

या बाटल्या युरोपातून आल्या होत्या. त्यांच्यासाठी मी मुंबईच्या एजंटाशी सात महिने पत्रव्यवहार केला होता. आणि आता त्या स्टोअरच्या दारात अडकल्या होत्या, कारण आत काहीतरी आहे हे रजिस्टरला दाखवता येत नव्हतं.

ही नव्वदीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी जालन्यात एका शिक्षणसंस्थेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मुख्य रसायनतज्ज्ञ होते. मुख्य म्हणजे एकटीच. माझ्या हाताखाली शेषराव नावाचे पन्नाशीचे लॅब अटेंडंट. प्रयोगशाळा कॉलेजच्या मागच्या इमारतीत होती, त्यामुळे कॉलेजचे सगळे नियम आम्हाला लागू. खडू घ्यायचे असले तरी जो फॉर्म, तोच फॉर्म ॲसिडला. खरात हे त्या फॉर्मांचे रखवालदार. त्यांच्या स्टोअरमध्ये इतक्या वर्षांत एका टाचणीचा फरक निघाला नव्हता आणि तो निघू नये यासाठी ते शक्यतो कोणाला टाचणी देतच नसत.

बाटल्या मागवाव्या लागल्या त्याचं कारण एक विहीर.

मंठ्याच्या रस्त्याला एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे अजूनही सोयरीक जमवताना पाण्याचा विषय निघतो. गावाच्या वरच्या अंगाला सायकलच्या भागांना चकचकीत मुलामा देणारा एक लहान कारखाना होता. मुलाम्याला क्रोमियम लागतं. कारखान्याचं सांडपाणी एका खड्ड्यात जायचं. खड्ड्यातून ते कुठे जायचं याची कारखान्याने चौकशी केली नव्हती. खड्ड्याच्या खाली कौसाबाईंचं शेत आणि शेतात विहीर. तिचं पाणी पिवळं पडलं. तिच्यापासून थोड्या अंतरावर गावच्या शाळेची विहीर. तिचं पाणी स्वच्छ दिसायचं.

आता थोडं रसायन. एवढंच आहे, पुढे फारसं नाही. पाण्यातलं क्रोमियम दोन रूपांत असतं. आम्ही त्यांना क्रोमियम तीन आणि क्रोमियम सहा म्हणतो. धातू एकच, पण तीन फारसं अपाय करत नाही आणि सहा विषारी. म्हणून पाण्यात क्रोमियम किती, एवढं विचारून भागत नाही. कोणतं किती, ते विचारावं लागतं. अशा वेगवेगळ्या मोजणीला स्पेसिएशन म्हणतात. यातली खरी डोकेदुखी म्हणजे ही दोन रूपं एकमेकांत बदलतात. विहिरीत सहा असलेलं बाटलीतून टेबलावर येईपर्यंत तीन होऊ शकतं. गुंडाने पोलीस ठाण्याच्या पायरीवर टोपी घालून कीर्तनकार व्हावं, तसं.

आम्ही दोन्ही विहिरींची तपासणी केली होती. रिपोर्ट दिला : कौसाबाईंच्या विहिरीत क्रोमियम सहा मर्यादेपेक्षा किंचित जास्त, शाळेच्या विहिरीत मर्यादेच्या आत. शाळेचं पाणी पिण्यास योग्य. खाली माझी सही, संस्थेचा गोल शिक्का.

कारखान्याने बाहेरून दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आणला. त्यांच्या मते दोन्ही विहिरींत जे काही होतं ते सगळं क्रोमियम तीन. सहा शून्य. तहसीलमधून आम्हाला पत्र आलं की, दोन रिपोर्ट जुळत नाहीत, तरी आपली पद्धत बरोबर असल्याचा पुरावा सादर करावा.

पुरावा म्हणजे काय? तर असं एक सॅम्पल, ज्यात दोन्ही क्रोमियम किती आहेत ते आधीच पक्कं माहीत आहे. अनेक नावाजलेल्या लॅबनी मोजून एकमताने ठरवलेलं. ते आपल्या पद्धतीने मोजायचं. आकडा जुळला तर आपली पद्धत खरी. याला संदर्भ पदार्थ म्हणतात. पाण्याच्या रूपात पाठवलं तर वाटेत रूप बदलेल, म्हणून ते गोठवून त्यातलं पाणी काढून घेतात आणि तळाला उरलेला कोरडा थर सीलबंद करून पाठवतात. वापरताना त्यात मोजून पाणी घालायचं.

संस्थेचे सचिव निवृत्त वकील होते. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. खरेदीच्या मंजुरीला गेले तेव्हाच त्यांनी विचारलं होतं, "ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, ते आपण तपासणार?"

"हो."

"आणि उत्तर तेच आलं तर?"

"तर आपण बरोबर."

"हे तर साक्षीदाराला पढवून आणण्यासारखं झालं," ते म्हणाले. पण तहसीलचं पत्र होतं, म्हणून सही केली.

तर पेटी आली आणि खरातांनी ती नोंदवून घ्यायला नकार दिला. मी त्यांना सर्टिफिकेट दाखवलं. त्यात लिहिलं होतं की पाणी घातल्यावर आतला माल वीस मिलिलिटर होईल.

"पाणी आपणच घालायचं?"

"हो."

"मंग त्यांनी पाठवलं काय?"

प्रश्न वकीलसाहेबांकडे गेला. त्यांनी त्रिसदस्यीय समिती नेमली. मराठीचे प्राध्यापक, क्रीडाशिक्षक आणि हेडक्लार्क. विज्ञान शाखेचा माणूस मुद्दाम घेतला नाही, कारण तो माझ्या बाजूने बोलेल अशी शंका होती. समितीचं काम : बाटल्यांत पदार्थ असल्या-नसल्याची खातरजमा करणे.

समिती स्टोअरबाहेरच्या व्हरांड्यात उन्हात बसली. एकेक बाटली हातोहात फिरली. मी बाजूला उभी होते. मला बोलायला परवानगी नव्हती, कारण मी मागणी करणारी होते. इतिवृत्त हेडक्लार्कने लिहिलं. त्याची प्रत मी बरीच वर्षं जपून ठेवली होती, म्हणून मजकूर बऱ्यापैकी आठवतो : 'समितीने बाटल्यांचे प्रत्यक्ष अवलोकन केले. क्रीडाशिक्षकांना पदार्थ दिसला. हेडक्लार्क यांना पदार्थ दिसला नाही. मराठीच्या प्राध्यापकांना पदार्थ असल्याचा भास झाला.'

एक बाजूने, एक विरुद्ध, एक भास. समितीने ठरवलं की एक बाटली उघडून बघावी.

"नाही!" मी ओरडले. "उघडली की संपली ती. हवा शिरली की आतलं बदलतं."

"मॅडम, उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"उघडल्यावर जे कळेल ते आधी होतं ते नसेल."

मराठीच्या प्राध्यापकांनी मान डोलावली. त्यांना वाक्य आवडलं असावं. पण ठराव झाला होता. खरातांनी पक्कडीने टोपी काढली, बूच उपटलं आणि बाटली कोऱ्या कागदावर उलटी धरून बुडाला टिचक्या मारल्या. काही पडलं नाही. थर काचेला चिकटलेला. मग त्यांनी बाटलीत बोट घालायचा प्रयत्न केला. बोट गेलं नाही, हे त्यांचं नशीब आणि माझंही.

"न्हाई," ते म्हणाले. "माल न्हाई."

अशी पाचातली एक गेली. उरलेल्या चार त्यांनी 'वादग्रस्त' अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवल्या. कपाट पत्र्याचं, बाहेर एप्रिल. सर्टिफिकेटवर थंड जागी ठेवावे असं लिहिलेलं. आमच्या सगळ्या संस्थेत फ्रिज एकच, वकीलसाहेबांच्या केबिनमध्ये. मी हात जोडले तेव्हा बाटल्या तिथे गेल्या, पाहुण्यांच्या लिंबू सरबताशेजारी. ताबा मात्र खरातांचाच. ते रोज सकाळी येऊन मोजत. चार.

कौसाबाई दर बाजारच्या दिवशी लॅबमध्ये यायच्या. साठीच्या आसपासच्या, उंच, आवाज खणखणीत. हातात स्टीलची कडीची बरणी, तिच्यात त्यांच्या विहिरीचं पाणी. मी कधी मागितलं नव्हतं. त्या आणायच्या आणि टेबलावर ठेवायच्या.

"बाई, आज आन्खी पिवळं हाय. बघा."

"मावशी, मी बघितलंय. पण पुरावा लागतो."

"डोळ्यानं दिसून राह्यलं, आता आन्खी कोन्ता पुरावा?"

त्या दिवशी खरातही तिथेच होते, स्पिरिटचा हिशेब घ्यायला आलेले. मावशींनी विचारलं, "ते तुमचं परदेशातलं काय आल्तं न्हवं? त्याचं काय झालं?"

मी खरातांकडे बघितलं. खरातांनी छताकडे बघितलं.

मी मावशींना सांगितलं : त्या बाटलीत किती विष आहे ते आधीच ठरलेलं आहे. ते मी मोजायचं. माझा आकडा त्यांच्या आकड्याशी जुळला तर तुमच्या विहिरीचा माझा आकडा खरा. मला वाटलं आणखी दोनदा सांगावं लागेल. मावशी लगेच म्हणाल्या, "म्हंजे शिक्क्याचं वजन हाय ते. अडतीत साहेब लोक आणायचे बघा, पेटीत मखमलीवर ठेवलेलं. आपल्या दुकानाचा किलो त्याच्यासंगं ताजव्यात टाकायचा. त्या वजनानं कोनी ज्वारी मोजीत न्हाई. वजनच मोजतेत."

खरात वळले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मालक अडतीवर हमाल व्हते माझे. मंठ्याला."

खरातांचे वडील मंठ्याच्या बाजारात मापाडी होते, धान्य मापून देणारे, हे मला त्या दिवशी कळलं. खरात खुर्चीवर बसले. माझ्यासमोर ते पहिल्यांदाच बसत होते. म्हणाले, "त्या वजनाला बापू हात लावू देत न्हवते आम्हाला. म्हणायचे, हाताचा घाम लागला तरी खोटं व्हतं." मग म्हणाले, "आन् म्या त्याच्यात बोट घालून राह्यल्तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टरमध्ये नोंद झाली : 'प्रमाण पदार्थ, नग चार.' शेरा : 'दिसत नाही, परंतु आहे.' खाली खरातांची सही.

आता काम. पदार्थात घालायला शुद्ध पाणी हवं, ते औरंगाबादहून कॅनने आणलं. ते सोडावॉटरसारखंही हवं, म्हणजे त्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असावा, तरच दोन्ही रूपं जागेवर राहतात. गॅसचं छोटं सिलिंडर आमच्याकडे नव्हतं. बसस्टँडजवळ एक गोटी सोडावाला होता. त्याच्याकडून दोन तासांसाठी आणलं. तो स्वतः बरोबर आला, कारण सिलिंडर तो कोणावर सोडत नव्हता. युरोपच्या संदर्भ पदार्थात जालन्याच्या सोडावाल्याने गॅस सोडला. सोडताना विचारलं, "लिंबू टाकायचं का?"

मी ठरवलं होतं की विहिरीच्या सॅम्पलशी जे जे आपण करतो, ते सगळं या पदार्थाशीही करायचं. लाड नाहीत. आमच्याच धुतलेल्या सॅम्पल बाटलीत तो घातला. नेहमीप्रमाणे टिकवण्यासाठी ॲसिडचे थेंब टाकले. लोडशेडिंगमुळे आमच्याकडे सॅम्पलला चार-पाच दिवस वाट बघावी लागे, म्हणून यालाही पाच दिवस ठेवलं. मग मोजलं. मोजायची पद्धत सोपी आहे. एक द्रव्य घातलं की क्रोमियम सहा असेल तर जांभळा रंग येतो. जितका गडद, तितकं जास्त. तीनला रंग येत नाही.

रंग आला. फिका. आकडा सर्टिफिकेटच्या निम्म्यालाही पोचत नव्हता.

मी पुन्हा मोजलं. तेच. मग सगळ्या तीनचं सहा करून एकूण क्रोमियम मोजलं. ते बरोबर, सर्टिफिकेटशी जुळणारं. म्हणजे माल कुठे गेला नव्हता. आमच्या बाटलीत पाच दिवसांत सहाचं तीन झालं होतं.

सात महिने मी कारखान्याची लॅब चुकली हे सिद्ध करण्यासाठी झटत होते. चुकलो होतो आम्ही. म्हणजे तेही चुकले असतील, पण आम्हीही. आणि आमच्या सहीशिक्क्याचा, 'पिण्यास योग्य' असं लिहिलेला कागद शाळेत गेला होता.

दुसरी बाटली मी थेट नव्या काचेच्या भांड्यात मोजली. ॲसिड नाही, वाट बघणं नाही. आकडा अचूक. म्हणजे मोजणी ठीक. दोष बाटलीचा किंवा वाट बघण्याचा.

"शेषराव, बाटल्या कशा धुता?"

"तुम्ही सांगितल्या तशा. साबण, नळाचं पाणी, मंग स्पिरिट."

"डिस्टिल्ड वॉटर?"

"कुठंय ते?"

आणि मला आठवलं. मागच्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र चालवायला थंड नळाचं पाणी सतत वाहतं लागतं. पाणी नाही, तर यंत्र बंद. पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये बाटल्या विसळायला पाणी नव्हतं. तेव्हा शेषराव म्हणाले होते, "स्पिरिटनं विसळू का? जल्दी सुकतंय बी." आणि मी, घाईत, कोणाच्या तरी रिपोर्टवर सही करता करता, हो म्हणाले होते. नंतर पाणी आलं तरी ती पद्धत तशीच चालू राहिली.

स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. ॲसिड असताना अल्कोहोल क्रोमियम सहाचं तीन करतं. दारू प्यायलेल्या ड्रायव्हरला नळीत फुंकायला लावून पकडायचे, ती पद्धत यावरच होती. हे मी एम.एस्सी.ला शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. बाटलीत राहिलेला स्पिरिटचा ओलावा एवढ्या घोळाला पुरेसा होता.

तिसरी बाटली मी शेषरावांसमोर उघडली. औरंगाबादहून शुद्ध पाण्याचा आणखी एक कॅन आणला, एक नवी बाटली त्याने विसळली. त्या पाण्याने बनवलेलं सॅम्पल दोन बाटल्यांत विभागलं. एक नेहमीसारखी स्पिरिटने विसळलेली, एक ही बिनस्पिरिटची. दोन्हींत ॲसिड, दोन्ही पाच दिवस. सहाव्या दिवशी एक फिकी, एक गडद जांभळी. शेषरावांनी दोन्ही नळ्या हातात धरल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझ्यामुळं झालं का मॅडम?"

"नाही. विचारलं होतं तुम्ही. हो मी म्हटलं."

मी वकीलसाहेबांकडे गेले. खरातही फ्रिजमधली उरलेली बाटली मोजायच्या निमित्ताने आत आले आणि मोजून झाल्यावरही थांबले.

"म्हणजे आपला रिपोर्ट चुकला?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"हो साहेब. विहिरीत क्रोमियम सहा आपण लिहिलं त्यापेक्षा बरंच जास्त असणार. शाळेच्याही."

"पण आपला आकडा त्यांच्या बाटलीशी जुळला नाही, एवढंच ना? मग त्यांना कळवा."

"काय?"

"की तुमची बाटली चुकली आहे."

मला वाटलं ते थट्टा करतात. ते पेन शोधत होते. "मोठी संस्था असली म्हणून काय झालं? सौम्य भाषेत लिहू. 'आमच्या प्रयोगशाळेस तफावत आढळली आहे, तरी आपण आपल्या पातळीवर दुरुस्ती करावी.'"

"साहेब, चूक कुठे झाली ते सापडलंय. आपल्या स्पिरिटमध्ये."

"रिपोर्टवर गोल शिक्का आहे," ते म्हणाले. "गोल शिक्क्याचा कागद मागे घ्यायची आपल्याकडे तरतूद नाही. कोणत्या रजिस्टरला नोंदवणार?"

मी नियमांच्या बाबतीत कच्ची. तेव्हा मागून खरात बोलले.

"नवीन रजिस्टर काढता येतंय साहेब."

"कशाचं?"

"चुकीचं. जावक चूक रजिस्टर. नंबर टाकून, पानं मोजून. बिलकुल नियमात बसतंय." मग ते म्हणाले, "साहेब, शाळेचे पोरं त्या कागदावर पाणी पिऊन राह्यले."

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. खिडकीतून बाहेर कॉलेजचं मैदान दिसत होतं. त्यांची नात तिथे शिकायची. मग म्हणाले, "रजिस्टर कापडी बांधणीचं आणा. टिकलं पाहिजे."

मी त्याच दिवशी गावच्या ग्रामपंचायतीला फोन करून दोन्ही विहिरींचं पाणी पिऊ नका असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्वतः गेले. सॅम्पल घेतली, शुद्ध पाण्याने विसळलेल्या बाटल्यांत. ॲसिड टाकलं नाही. बर्फात ठेवून जीपने त्याच दुपारी लॅबमध्ये आणली आणि लगेच मोजली. कौसाबाईंच्या विहिरीचा रंग इतका गडद आला की सॅम्पल पातळ करून पुन्हा मोजावं लागलं. शाळेच्या विहिरीतही मर्यादेच्या स्पष्टपणे वर.

तहसीलमध्ये बैठक झाली. कारखान्याचे मॅनेजर आले, सफारी सूटमध्ये. उरलेली शेवटची बाटली मी सर्वांसमोर उघडली, आकडा काढला, सर्टिफिकेट शेजारी ठेवलं. जुळला. मग विहिरीचं पाणी. नळीत जांभळा रंग चढत गेला तसं सगळे खुर्चीतून पुढे झुकले.

"रंग छान आहे," मॅनेजर म्हणाले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

"तुमचं सॅम्पल त्या लॅबला कशात पाठवलं होतं?" मी विचारलं.

त्यांनी फाईल बघितली. "गूळ कारखान्यातून आणलेला कॅन. धुतला होता."

"ॲसिड टाकून?"

"नियमाप्रमाणे."

गुळाचा अंश आणि ॲसिड. साखरही सहाचं तीन करते. त्या लॅबला हसायचा अधिकार मला नव्हता. त्यांचा कॅन गुळाचा आणि आमच्या बाटल्या स्पिरिटच्या, म्हणजे दोघांत फरक आंबवण्याचा एवढाच.

कारखान्याला खड्डा बंद करायला लावलं. काही महिने टाळाटाळ झाली, पण बंद झाला. गावाला टँकर, मग वरच्या बाजूने पाइपलाइन. कौसाबाईंची विहीर अजून वापरात नाही. तेवढं त्यांचं नुकसान झालं ते झालंच.

मागच्या उन्हाळ्यापासून आम्ही दिलेले क्रोमियमचे सगळे रिपोर्ट मागे घेतल्याची पत्रं आम्ही पाठवली. खरातांनी प्रत्येकाची नोंद केली. एका ग्रामपंचायतीचं उत्तर आलं की, मूळ रिपोर्ट आम्हास मिळालाच नव्हता, सबब तो परत घेण्यास आमची हरकत नाही. दुसऱ्या एकीने विचारलं की, चुकीचा रिपोर्ट मागे घेतल्यावर पाणी पुन्हा पूर्वीसारखं होईल का.

कौसाबाईंच्या गावाचं पत्र मी पोस्टाने पाठवलं नाही. घेऊन गेले. आधी कौसाबाईंकडे. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. स्पिरिटसकट. म्हटलं, मावशी, माझं चुकलं. तुम्हाला मी किंचित जास्त म्हणून लिहून दिलं होतं.

त्यांनी चहा पुढे सरकवला. "आमी कशाला पेतोय तुमच्या कागदावर? पिवळं दिसल्या दिवशीच सोडलं म्या. म्हसरांना बी दुसरीकडून पाणी." मग म्हणाल्या, "शाळेत जा. तितं लोकांना डोळ्यांनी काही दिसत न्हवतं. त्यांनी तुमचं ऐकलं."

शाळेत गेले. वर्ग चालू होते. हेडमास्तरांनी मला पाण्याच्या टाकीपाशी नेलं. टाकीवरच्या भिंतीला, पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चार कोपऱ्यांना चार खिळे मारून माझा रिपोर्ट लावलेला होता. 'पिण्यास योग्य' या ओळीखाली कोणीतरी लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती. हेडमास्तर म्हणाले, "पालक विचारायचे, पाणी बराबर हाय का. मी हे दाखवायचो. मंग कोणी विचारत न्हवतं."

कोणाला काय झालं का, ते मला सांगता येणार नाही. असं विष लगेच कळत नाही. आरोग्य खात्याची माणसं येऊन मुलांना तपासून गेली, तेव्हा काही आढळलं नाही. मी एवढ्यावर समाधान मानायला शिकले, पूर्ण नाही.

हेडमास्तरांनी पक्कड आणायला माणूस पाठवला. मी थांबले नाही. खिळे फार खोल नव्हते. किल्लीने काढले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक गोष्ट केली. प्रत्येक रिपोर्टच्या खाली, सहीच्या वर, एक ओळ टाईप करायला लावली : सॅम्पल कोणत्या बाटलीत घेतले, ती कशाने धुतली, किती दिवस ठेवली. टायपिस्ट वैतागायचा. ऑडिटवाले विचारायचे की ही ओळ कोणत्या परिपत्रकानुसार आहे. मी सांगायचे, कोणत्याच नाही. नव्याने कामाला लागलेले रसायनतज्ज्ञ मशीनबद्दल खूप प्रश्न विचारतात, कंपनी कोणती, अचूकता किती. मशीन क्वचित खोटं बोलतं. बाटली कोणी धुतली आणि त्याला हो कोण म्हणालं, एवढं विचारलं तरी बरंच काम होतं. बहुतेक वेळा हो म्हणणारा सहीच्या जागीच सापडतो.